पहिल्यांदाच रॉक क्लाइंबिंग: हंपी, बदामी, लोणावळा की आपलाच किनारा?

कलमवाला_देवगड (२ डिसेंबर)

मंडळी, जरा मदत हवी आहे.

आम्ही तिघं. मी, आतेभाऊ आणि जामसंड्याचा एक मित्र. वयं तिशी ते चाळिशी. आंबा काढायला फांदीवर उभं राहून झेला चालवण्यात निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळे उंचीची भीती अशी नाही. पण खडकावर दोर लावून चढणं कधी केलेलं नाही. आतेभावाने मोबाईलवर कसलेतरी व्हिडिओ पाहिले, त्याच्या डोक्यात किडा शिरला आणि तो आता आमच्याही डोक्यात शिरलाय.

अडचण वेळेची आहे. मोहोर सुटायला लागलाय. दोन फवारण्यांच्या मध्ये चार दिवस सुटतील, तेही जानेवारीत. मार्चनंतर मेलो तरी बाग सोडता येत नाही, आणि जूनपासून पाऊस. बजेट माणशी आठ-नऊ हजार, प्रवास धरून.

डोक्यात आहे ते असं: हंपी (सगळे फोटो तिथलेच दिसतात), लोणावळ्याची नागफणी, रायगडासमोरचा लिंगाणा सुळका, आणि बदामी, जिचं फक्त नाव ऐकलंय. आतेभावाचं म्हणणं वेगळंच. एवढं लांब कशाला, आपल्याकडे कडे काय कमी आहेत? दीपस्तंभाखालचा कडा आहे, सड्याच्या कडेचे कातळ आहेत, वर हरिहरेश्वर आहे. खरंच, आपल्या किनाऱ्यावर कोणी चढतं का? नसेल तर का नाही?

मामी_वेंगुर्ला

माका एक समजना नाय. पैशे मोडून दुसऱ्याच्या मुलखात जावन खडपार चढतल्यात, आणि हंयसर माझ्या परसात बारा माड उभे आसत. नारळ सुकान खाली पडतत, काढूक माणूस गावना नाय. येवा की.

कलमवाला_देवगड

मामी 😄 माडाला फांद्या नसतात, तिथेच आमचं घोडं अडतं.

सुरंगी

मी मूळची चिपळूणची, सध्या पुण्यात. चौदा वर्षं चढतेय. सविस्तर लिहिते, कारण "हंपीला जा, मस्त आहे" एवढ्याने तुमचं काम होणार नाही.

आधी एक गोंधळ निस्तरू. आपल्याकडे "क्लाइंबिंगला गेलो होतो" म्हणून जे सांगतात त्यातलं निम्मं रॅपलिंग असतं. म्हणजे वर चालत जायचं, दोर बांधायचा आणि खाली सरकत यायचं. नागफणीला शनिवार-रविवारी जे चालतं ते बहुतेक हेच. मजा येते, फोटोही छान येतात, पण चढायला त्यातून काही शिकत नाही. नागफणीवर चढाईही होते, पण ती नवख्यांची जागा नव्हे.

तुम्हाला हवंय ते टॉप रोप. दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे खडकात पक्क्या केलेल्या कडीतून, आधीच ओवलेला असतो, एक टोक तुमच्या हार्नेसला (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), दुसरं खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. त्याच्याकडे बिले देण्याचं, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायचं, साधन असतं. तुम्ही चढाल तसा तो ढील ओढून घेतो. हात सुटला तर तुम्ही जिथल्या तिथे लोंबकळता, दोर ताणला जाऊन थोडं खाली. परत खडकाला पाय लावायचे आणि पुढे चालू. एका दिवसात वीस-पंचवीस वेळा पडता यायला हवं. नवख्याने जागा निवडताना मी तरी एवढंच बघेन: तिथे मला बिनधास्त पडता येईल का? कडा चाळीस फुटी असो की चारशे, पहिल्या चार दिवसांत तुमचे सगळे घोटाळे खालच्या दहा फुटांतच होणार आहेत.

आता सह्याद्री. आपला बेसाल्ट थरांचा आहे. दोन कातळटप्प्यांच्या मध्ये घसारा, गवत, मुरूम. हातात आलेला होल्ड, म्हणजे पकडीचा दगड, निघून हातातच राहतो कधीकधी. अनुभवी माणूस ठोकून, आवाज ऐकून धरतो. तुम्हाला तो आवाज अजून कळणार नाही. त्यात आग्या मोहोळं. सुळक्यांवरचे कित्येक अपघात पडून नव्हे, माश्या उठल्यामुळे झालेत. तेव्हा सह्याद्रीचे सुळके दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

माझं मत बदामी. कारणं उद्या लिहिते, आत्ता पोळ्या करायच्यात.

भटक्या_खेड

लिंगाण्याचं नाव वाचलं म्हणून खास लॉगिन केलं. दादा, पहिल्यांदा म्हणून लिंगाणा नको. माझं झालंय.

तीन वर्षांपूर्वी एका ग्रुपबरोबर गेलो. ग्रुपचं नाव घेत नाही. जाहिरातीत "नवशिक्यांसाठी, संपूर्ण प्रशिक्षणासह" असं होतं. रात्री मोहरी गावात पोचलो, पहाटे बोराट्याच्या नाळेतून खिंडीत. बघतो तर आमचीच साठ माणसं आणि वर दुसऱ्या दोन ग्रुपांची. दोर आधीच लावलेला. प्रशिक्षण म्हणजे एकाने सगळ्यांना उभं करून जुमार कसा सरकवायचा ते एकदा दाखवलं. झालं. जुमार दोरावर वर सरकतो, खाली सरकत नाही, त्याला धरून तुम्ही वर जाता. खडकाशी तुमचा संबंध पाय टेकवण्यापुरता.

एका टप्प्याखाली अडीच तास उभा होतो. ऊन डोक्यावर, बाटली रिकामी, पुढच्या बाई रडत होत्या आणि मागचा मुलगा मोबाईलवर गाणी लावून. कंटाळून इकडेतिकडे बघत होतो तेव्हा दिसलं की शेजारच्या पोराच्या हार्नेसचा पट्टा बकलातून एकदाच गेलाय. जुन्या बकलात तो उलटा फिरवून परत ओवायचा असतो, नाहीतर वजन आलं की सरकत सुटतो. मला हे कसं माहीत? सकाळी माझाही तसाच होता आणि एका अनोळखी काकांनी हटकलं होतं म्हणून. नेत्यांपैकी कोणी कोणाचा पट्टा तपासल्याचं मी पाहिलं नाही.

माथ्यावरून समोर रायगड दिसतो. डोळ्यांत पाणी आलं हे कबूल. पण परत आल्यावर मला चढता येत होतं का? नाही. मला जुमार सरकवता येत होता.

चिरेवाला

आतेभावाच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. राजापूरकडे आमची चिरेखाण आहे, जांभ्यात हात घालूनच मोठा झालो.

जांभ्यावर चढू नका. खाणीत ताजा चिरा कापताना तो इतका मऊ असतो की पूर्वी माणसं हाताने, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासायची. वारा-ऊन लागलं की त्यातलं लोह घट्ट होतं आणि चिरा कडक बनतो. म्हणून तर घरं शंभर-शंभर वर्षं टिकतात. पण हा कडकपणा वरवरचा. सड्याच्या कडेला जो उभा कातळ दिसतो त्याची वरची टोपी कडक आणि खालचा थर मऊ, चिकणमातीसारखा. पावसाळ्यात तो खालचा थर धुपत जातो, टोपी पुढे लटकत राहते आणि एक दिवस खोलीएवढा धोंडा खाली येतो. आमच्या गावात गेल्या पावसात आलाय, गुरांच्या वाटेवर. कोणाला इजा नाही, नशीब.

शिवाय जांभा सगळा भोकाभोकांचा. बोटं घालायला सोयीची वाटतात ती भोकं, पण कडा पत्र्यासारख्या धारदार, आणि वजन टाकलं की भुगा. नावसुद्धा बघा, इंग्रजीत याला लॅटेराइट म्हणतात ते लॅटिनमधल्या विटेवरून. विटेच्या भिंतीवर कोण दोर टाकून चढतं?

अजून एक. सड्यावर दिसेल त्या कातळावर उड्या मारत सुटू नका. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी, तुमच्या सिंधुदुर्गात कुडोपी, इथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. नोंद न झालेली किती असतील कोण जाणे. उन्हात नीट दिसतही नाहीत, बूट घासला तरी समजणार नाही.

कलमवाला_देवगड

चिरेवाले, पटलं. आतेभावाला वाचून दाखवलं. तो म्हणतो जांभा सोडा, समुद्राला लागून काळा खडक आहे त्याचं काय?

खारा_वारा

त्याचं उत्तर माझ्याकडे. बंदराच्या कामांवर वीस वर्षं काढली, लोखंड आणि समुद्र यांचं भांडण रोज बघतो.

काळा खडक म्हणजे बेसाल्ट, आणि तो समुद्राकडेला जांभ्यापेक्षा नक्कीच भक्कम. पण हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर बघा, लाटांनी आणि मिठाने खडकाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पाडलीय. बघायला सुंदर. धरायला गेलात तर त्या जाळीच्या भिंती बिस्किटासारख्या मोडतात. त्याच वाटेवर लाटेने माणसं ओढून नेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. भरतीच्या रेषेखाली शेवाळ आणि कालवं. कालवांच्या धारेवर एकदा पाय घसरला की महिनाभर चप्पल घालता येत नाही, विचारा आमच्या घरी.

त्यात वेळेचं गणित. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, चढायला लागलात तेव्हा पायाखाली वाळू होती, तासाभराने बिले देणारा मित्र कमरेएवढ्या पाण्यात. तो दोर सांभाळणार की स्वतःला?

आणि दोर अडकवायला खडकात कायमचे बोल्ट मारायचे म्हणाल तर इथे साधं स्टेनलेसही चालत नाही. खाऱ्या हवेतल्या क्लोराइडमुळे स्टेनलेसला आतून बारीक तडे जातात, वरून चकचकीत दिसतं आणि एक दिवस कट्कन तुटतं. थायलंडमध्ये क्राबीकडे समुद्रकाठच्या चुनखडीवर हाच अनुभव आला, म्हणून तिथे आता टायटॅनियमचे बोल्ट गोंदाने बसवतात. आपल्या किनाऱ्यावर ते कोण करणार, आणि आठ महिने त्याची देखभाल कोण बघणार? घराच्या खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात आम्हाला.

चढणारे असतीलही कुठे हौशी. पण शिकायला जाण्याजोगी जागा म्हणून नाही.

गोट्या_गोळा

हंपी हंपी हंपी! एवढं काय डोकं लावताय. दोर नाही, हार्नेस नाही, बूट आणि हातांना चोळायचा खडू घेतला की झालं. सूर्यास्त बघाल तर परत येणार नाही.

सुरंगी

गोट्या, हंपी मलाही आवडते. पण तुम्ही सांगताय ते अर्धवट आहे.

हंपीचं चढणं म्हणजे मुख्यतः बोल्डरिंग. ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे, दहा-पंधरा फुटांचे, खाली जाड गादी टाकायची आणि चढायचं. दोर नाही हे खरं, म्हणूनच प्रत्येक वेळी पडलात की जमिनीवर. गादी जरा इकडे-तिकडे झाली, दोन गाद्यांच्या फटीत पाय गेला, की घोटा गेला. मागे हात वर करून सावरायला उभा राहणारा, म्हणजे स्पॉट देणारा, तरबेज लागतो. तिघेही नवखे असतील तर कोण कोणाला सांभाळणार? आणि चाळिशीचा घोटा विशीच्या घोट्यासारखा जुळत नाही. हे अनुभवाने सांगतेय, माझ्या डाव्या पायात अजून पाऊस यायच्या आधी कळ येते.

दुसरं म्हणजे कातडी. हंपीचं ग्रॅनाइट किसणीसारखं. तिसऱ्या दिवशी बोटांची टोकं गुलाबी होतात, चौथ्या दिवशी मोबाईल बोटाचा ठसा ओळखत नाही.

आणि जुन्या ब्लॉगांवर विसंबू नका. नदीपलीकडे विरुपापूर गड्डीवर जी खोपटी-हॉटेलं होती, जिथे सगळे चढणारे राहायचे, ती २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाडली गेली. आता मंडळी सानापूर-आनेगुंदीकडे उतरतात. गाद्या, बूट तिकडे भाड्याने मिळतात. रात्री धोंड्यांमध्ये भटकू नका, अस्वलं आणि बिबटे आहेत, जवळ दरोजीला अस्वलांचं अभयारण्यच आहे.

आता बदामी, कालचं राहिलेलं. लाल वालुकाश्म. पकड स्वच्छ, आडव्या भेगा, बोटांना नीट खाचा मिळतात. शंभराहून जास्त मार्गांवर बोल्ट मारलेले आहेत, म्हणजे माहीतगार माणूस वर जाऊन अँकर लावेल आणि तुम्ही दिवसभर टॉप रोपवर पडत राहाल. जगातले पट्टीचे चढणारे तिथे येऊन गेलेत, पण सोपे मार्गही आहेत. फ्रेंच पद्धतीत चार-पाचच्या श्रेणीचे मागा. सहाचा आकडा दिसला की तुमचं नाही.

खबरदारी दोन. पाऊस पडून गेला असेल तर वालुकाश्म सुकेपर्यंत हात लावायचा नाही. ओला असताना तो ठिसूळ होतो, होल्ड तुटतात, आणि तुटलेला होल्ड कोणी परत आणून लावत नाही. जानेवारीत हा प्रश्न सहसा येत नाही. आणि लेण्यांच्या, देवळांच्या कड्यांवर चढायचं नाही. तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इ. स. ५७८ चा आहे, चालुक्य मंगलेशाचा. तिथे खडूचे पांढरे हात उमटवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याशी भांडलेही आहे. स्थानिक शिकवणारे कुठे चढायचं ते बरोबर सांगतात.

अंतर बघितलंत का तुम्ही? देवगडहून सावंतवाडी, आंबोली, बेळगाव, बदामी. साधारण साडेतीनशे किलोमीटर. लोणावळा तुम्हाला त्याहून लांब पडतं! आपण कोकणातली माणसं सगळं मुंबई-पुण्याच्या बाजूनेच मोजतो, पाठीमागे घाट चढला की कर्नाटक आहे हे विसरतो.

कलमवाला_देवगड

हे अंतराचं खरंच लक्षात नव्हतं आलं. बायको म्हणाली, "मग मला सांग, इतके दिवस काजू विकायला बेळगावला जातोस तेव्हा कुठून जातोस?"

नदीकाठ_दाभोळ

ट्रेनवाल्यांसाठी: मडगावहून अमरावती एक्सप्रेस हुबळी-गदगवरून होसपेटला जाते, म्हणजे हंपीलाही सोयीची. बदामीसाठी हुबळी किंवा गदगला उतरून दुसरी गाडी. रोज नसते, वेळापत्रक बघून ठरवा. तिघं असाल तर गाडीच परवडेल.

कोणी अबूचं नाव घेतलं नाही. तिथे गुजरात सरकारची स्वामी विवेकानंदांच्या नावाची पर्वतारोहण संस्था आहे, खडकचढाईचे रीतसर अभ्यासवर्ग घेते. घरात कॉलेजची पोरं असतील तर त्यांना तिकडे धाडा. चार दिवसांच्या बागायतदाराला जमायचं नाही.

कलमवाला_देवगड

बदामी ठरतंय. सामान काय घ्यावं? आतेभाऊ ऑनलाइन दोर बघतोय. स्वस्तात मिळतोय म्हणे, दहा मिलीमीटरचा. बूट पण मागवतोय, पायापेक्षा एक नंबर मोठे, "उन्हात पाय सुजतात" म्हणून.

खारा_वारा

आतेभावाच्या हातातून फोन काढून घ्या.

सुरंगी

😂 खारावारांशी सहमत.

दोर विकत घ्यायचाच नाही. पहिल्या खेपेला शिकवणाऱ्याचा दोर, त्याचाच हार्नेस, त्याचंच हेल्मेट. बाजारात जो स्वस्त मिळतो तो बहुधा स्टॅटिक, म्हणजे न ताणला जाणारा. तो रॅपलिंगचा. चढताना लागतो तो डायनॅमिक, जो झटका आला की ताणून तो पिऊन टाकतो. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून घोळ होतो. बोटीचा नायलॉन तर नकोच नको, आधीच सांगून ठेवते, तुम्ही देवगडचे आहात.

बूट तिथे भाड्याने. ते घट्टच असतात, बोटं किंचित मुडपतात, चालण्यासाठी नसतातच. मोजे नाहीत. नखं कापून जा.

घरी एकच गोष्ट करा, फिगर ऑफ एटची गाठ, म्हणजे दोर हार्नेसला बांधायची आठाच्या आकाराची. डोळे मिटून बांधता आली पाहिजे. पाच फुटांची दोरी घ्या आणि टीव्ही बघताना बांधा-सोडा.

शिकवणारा निवडताना फोनवर विचारा: एका दोरावर किती माणसं? चारच्या वर सांगितलं तर दुसरा बघा. आम्हाला बिले द्यायला शिकवणार का, विचारा. "त्याची काळजी नको, आमची माणसं आहेत" असं उत्तर आलं तर तो तुम्हाला नुसतं फिरवून आणणार. तुम्ही तीन माणसं आहात, एकमेकांचा जीव हातात धरायला शिकून आलात तरच पैसे वसूल.

भटक्या_खेड

आणि बकल बघा!!

कलमवाला_देवगड (११ डिसेंबर)

गाठीचा सराव चालू आहे. कपडे वाळत घालायची दोरी गायब झाल्यावरून घरात एक बैठक झाली. निष्पन्न काही नाही.

मामी_वेंगुर्ला

दोरी वेंगुर्ल्याक घेवन येवा. माड हंयसरच आसत.

चिरेवाला (२२ जानेवारी)

कलमवाले, काय झालं? गेलात की मोहोराने धरून ठेवलं?

कलमवाला_देवगड (२४ जानेवारी)

गेलो, आलो, तिघेही सगळ्या हाडांसकट. लिहायला उशीर झाला कारण टाईप करता येत नव्हतं. का ते पुढे.

पहाटे चारला निघालो, आंबोलीत धुकं, चौकुळ फाट्यावर चहा. बेळगाव सोडल्यावर जमीन हळूहळू काळी होते आणि बदामी आली की अचानक सगळं लाल. कडे लाल, रस्ता लाल, संध्याकाळी आमचे पायसुद्धा लाल. तळ्याकाठी कपडे धुणाऱ्या बायका आणि मागे ती लेणी. आतेभाऊ पाच मिनिटं गप्प होता, म्हणजे समजा.

शिकवणारा तिथलाच, पंचविशीतला, हिंदी आणि थोडं मराठी बोलणारा. फोनवर विचारलं तेव्हा म्हणाला, "तीन माणसं, एक दोर, आधी बिले, मग चढणं." तिथेच ठरवलं.

पहिला अर्धा दिवस त्याने आम्हाला खडकाला हात लावू दिला नाही. गाठ बांधा, सोडा. बकल दाखवा. (भटक्या, तुमची आठवण काढली. त्याचे बकल नवे होते, आपोआप अडकणारे, तरी दर खेपेला बोट घालून बघायचा.) चढणाऱ्याने बिलेवाल्याचं बघायचं, बिलेवाल्याने चढणाऱ्याची गाठ बघायची, मग एकमेकांच्या डोळ्यांत बघून हो म्हणायचं. चार दिवसांत एकदाही हे चुकवलं नाही. शेवटच्या दिवशी मी घाईत होतो, तर त्याने मला अर्ध्या फुटावरून परत खाली घेतलं.

दुपारी पहिला मार्ग. साधारण पन्नास फूट, श्रेणी चार. मला वाटलं, फांद्यांवर आयुष्य गेलंय, हे काय. दोन्ही हातांनी ओढत सरळ वर गेलो, आणि वीस फुटांवर माझे हात संपले. कोपरापासून मनगटापर्यंत दगड झाले, मूठ मिटेना. सुटलो. पोटात गोळा आला आणि तेवढ्यात दोराने अलगद धरलं. खाली बघतो तर मित्र जमिनीपासून दोन फूट वर! मी ब्याण्णव किलो, तो अठ्ठावन्न. मी खाली आलो तसा तो वर गेला. शिकवणारा हसून लोळला, मग त्याने मित्राला मागच्या एका धोंड्याला पट्ट्याने बांधून ठेवलं, आणि चार दिवस तो तसाच खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा उभा राहून मला सांभाळत होता. हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितोय: तुमच्यात वजनाचा असा फरक असेल तर पहिल्या दिवशीच सांगा.

मग तो म्हणाला, "पाय बघा, हात विसरा." शेजारच्या मार्गावर तिथलीच दहा-बारा वर्षांची एक मुलगी चढत होती. हात सगळे खांद्याखाली, पाय मांजरासारखे. पावलाची फक्त पुढची बोटं टेकवायची, टाच खाली सोडायची नाही, पाऊल ठेवलं की हलवायचं नाही. मामी, मला तेव्हा माडावर चढणारे आठवले. तेही हाताने ओढत नाहीत, पायाने ढकलतात, हात फक्त मिठीपुरते. हे लक्षात आल्यावर तिसऱ्या दिवशी तोच मार्ग न पडता केला. आतेभावाने तर पाचच्या श्रेणीचा एक केला, मित्राने दोन. हलक्या माणसांचं राज्य आहे हे.

सकाळी सात ते साडेदहा आणि चारनंतर, एवढंच चढायचो. मधल्या वेळात कडा तापतो. माकडांनी पहिल्याच दिवशी केळ्यांची पिशवी नेली, दुसऱ्या दिवशी आतेभावाची टोपी. जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, भरल्या वांग्याची भाजी. उत्तमच. पण चौथ्या दिवशी मित्र झोपेत बांगड्याबद्दल काहीतरी बोलत होता.

बजेट पाचशेने हुकलं, ते बेळगावच्या कुंद्यामुळे.

आता टाईप का करता येत नव्हतं ते. वालुकाश्म हंपीइतका खरखरीत नाही म्हणतात, तरी आठही बोटांची टोकं सोलली गेली. घरी पोचलो तर बायकोने मुद्दाम सुरमईचं तिखलं केलेलं. चार दिवसांचा उपाशी मी, हात धुतले, आणि पाचही बोटं त्या लाल रश्शात बुडवली. जो आवाज काढला तो शेजारच्या आळीत ऐकू गेला. त्या कड्यावर सतरा वेळा पडलो, एकदाही ओरडलो नव्हतो. शेवटी चमच्याने जेवलो. आईने बघितलं आणि फक्त मान हलवली.

सुरंगी

पहिल्या खेपेला सतरा पडणं हा चांगला आकडा आहे. बोटांना रात्री खोबरेल लावा. पुढच्या थंडीत पुण्यात या, सिंहगडावर बोल्ट मारलेले मार्ग आहेत. तिथे आपल्या बेसाल्टचा आवाज ऐकायला शिकवते.

गोट्या_गोळा

आणि हंपी?

कलमवाला_देवगड

गोट्या, हंपी बदामीपासून दीडशे किलोमीटरवर आहे, पुढच्या वर्षी मोहोर उशिरा आला तर जोडून करू. आतेभाऊ आत्ताच गादी बघतोय ऑनलाइन.

खारा_वारा

फोन.

मामी_वेंगुर्ला

सगळा वाचलंय. पायान ढकलूचा, हातान मिठी मारूची, ह्या आता तुका कळला मां? मग आता तरी येतलस माजे नारळ काढूक?

कलमवाला_देवगड

येतंय मामी, आयतवारी सकाळी. शिकवणाऱ्याकडून जुनो हार्नेस विकत घेतलाय, तो घेवन येतंय.

मामी_वेंगुर्ला

हार्नेस ऱ्हवांदे. कोयतो आण.